पपईचे नर झाड: खिळा ठोकल्याने फळ धरेल का?

प्रश्न (ऐरोली)
आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत एकाच गोल पपईच्या बियांपासून वाढवलेली झाडे आहेत. पंज्यासारखी पाने, पोकळ देठ आणि खोडातला चीक सर्वांचा सारखाच असूनही काहींना गोल फळे लागली आहेत आणि काहींना लांब दांड्यांवर लोंबणारे फुलांचे झुबके तेवढे येतात. माळीबुवा खोडात लोखंडी खिळा ठोकायला सांगतात. त्याचा उपयोग होईल का?

उत्तर (घोडबंदर रोड)
लोंबत्या झुबक्यांची झाडे नर आहेत. फुले येईपर्यंत नर-मादी ओळखता येत नाही. कळी आली की मात्र संशय राहत नाही. मादी कळी पानाच्या बेचक्यात खोडाला चिकटून असते, तळाशी फुगीर आणि टोकाला निमुळती. ती उभी चिरली तर आत मोठा अंडाशय (ज्याचे पुढे फळ होते) दिसतो आणि पराग देणारा पुंकेसर एकही नसतो. उभयलिंगी, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेली कळी लांबट असते, तिच्यात अंडाशयाभोवती सहसा दहा पुंकेसर असतात आणि तिचे फळही लांबट होते. बाजारात याच फळाला अधिक मागणी असते.

उत्तर (नेरूळ)
याचे मूळ गुणसूत्रांत, म्हणजे पेशीतील आनुवंशिक गुण वाहून नेणाऱ्या धाग्यांत आहे. पपईच्या पेशीत १८ गुणसूत्रे, म्हणजे नऊ जोड्या असतात आणि त्यांतील एक जोडी लिंग ठरवते: मादीत एक्स-एक्स, नरात एक्स-वाय, तर उभयलिंगी झाडात एक्सबरोबर वायचा किंचित वेगळा प्रकार. ही जोडी सूक्ष्मदर्शकाखाली इतरांसारखीच दिसत असल्यामुळे सुरुवातीचा उलगडा वेगवेगळ्या झाडांच्या संकरांतून झाला. १९३८ साली हवाईत स्टोरी आणि दक्षिण आफ्रिकेत हॉफमेयर या संशोधकांनी स्वतंत्रपणे ही आनुवंशिकता मांडली. दोन्ही गुणसूत्रे वाय असलेला भ्रूण जगत नाही, म्हणून उभयलिंगी झाडाच्या स्वपरागित (त्याच झाडाच्या परागाने धरलेल्या) बियांतून दोन उभयलिंगी झाडांमागे एक मादी मिळते, नर मिळत नाही. तुमचे गोल फळ मादी झाडाचे असणार आणि त्याला नराचे पराग मिळाले असणार. अशा बियांतून साधारण निम्मी झाडे नर निघतात.

प्रश्नकर्ता
म्हणजे खिळ्याने काहीच होणार नाही? ठाण्यातील एका नातेवाइकांच्या नर झाडाला मात्र खरोखर फळ आले होते.

उत्तर (नेरूळ)
फळ आले असेल, पण ते खिळ्यामुळे नव्हे. हवामान बदलले की नर झाडावर क्वचित उभयलिंगी फुले उमलतात आणि लांब दांडीवर लहान फळे धरतात. गुणसूत्रे तीच राहतात. उलट कडक उन्हाळ्यात उभयलिंगी झाडाच्या फुलांतील अंडाशय खुरटतो आणि काही काळ फळधारणा थांबते, तेव्हा घाईने झाड तोडू नये. खिळ्याच्या जखमेतून बुरशी मात्र शिरू शकते.

मादी झाडांना पराग हवेत, म्हणून एखादे नर झाड ठेवून बाकीची नर झाडे काढा. पुढच्या वेळी लांबट पपईच्या, उभयलिंगी वाणाच्या बिया घ्या, प्रत्येक खड्ड्यात तीन रोपे लावा आणि कळ्या पाहून एकच उभयलिंगी झाड राखा. तिन्ही रोपे मादी निघण्याची शक्यता सत्तावीस खड्ड्यांत एका खड्ड्याइतकी असते.