सेवेत टीका आणि विरोध वाढला, तर नेमकं काय करायचं?

प्रश्न
सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेची पद्धत थोडी बदलली, काही जबाबदाऱ्या तरुणांना दिल्या, आणि तेव्हापासून बोलणं सुरू झालं आहे. जुने सभासद नाराज आहेत, दानाच्या पैशांबद्दल कुजबुज आहे, आणि सही नसलेली पत्रंही येतात. ‘प्रार्थना करा, सहन करा’ हे पटतं. पण उत्तर कशाला द्यावं आणि कशाला देऊ नये?

वडीलमंडळ सदस्य
बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचे अध्याय ४, ५ आणि ६ एका बैठकीत वाचा. यरुशलेमेची पडलेली भिंत नहेम्या पुन्हा बांधून घेतो आहे. चौथ्यात टिंगल आहे: कोल्हा चढला तरी ही भिंत कोसळेल, असं विरोधक तोबीया म्हणतो. नहेम्या त्याला उत्तरच देत नाही, देवाला सांगतो आणि काम चालू ठेवतो. हल्ल्याचा बेत कळल्यावर मात्र प्रार्थनेबरोबर पहाराही बसवतो (४:९).

पाचव्यातली तक्रार आतली आहे आणि खरी आहे. गरीब बांधवांची शेतं गहाण पडलीत, मुलं दास्यात गेलीत. नहेम्या संतापतो, मग विचार करून अंमलदारांना जाब विचारतो, सभा भरवतो, आपणही कर्ज देतो हे तिथेच सांगतो आणि शेतं परत करायला लावतो.

सहाव्यात विरोधकांकडून भेटीचं बोलावणं चार वेळा येतं, चारही वेळा तेच नकाराचं उत्तर जातं. पाचव्यांदा उघड्या पत्रातून बंडाचा आरोप होतो. त्यावर दोन वाक्यांत नकार, बस्स. ५२ दिवसांत भिंत पुरी झाली.

आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं होतं. टोमण्यांना लांबलचक खुलासे दिले जातात आणि खऱ्या तक्रारीला ‘सैतानाचा हल्ला’ म्हटलं जातं. दुसरी चूक फार महाग पडते, कारण पुढच्या वेळी प्रामाणिक माणूस बोलायलाच येत नाही.

खजिनदार
पैशांच्या कुजबुजीला शब्दांनी उत्तर देऊ नका, वहीनं द्या. यरुशलेमेसाठी वर्गणी नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:१९-२१).

दानपेटी उपासना संपताच तिथेच उघडा. मोजायला दोघं, एकाच घरातले नकोत, पाळक (धर्मगुरू) तर नकोच. नोटा, नाणी, पाकिटं वेगळी लिहा, दोघांच्या सह्या घ्या. पूर्ण रक्कम पुढच्या कामाच्या दिवशी बँकेत भरून पावती त्याच पानाला जोडा. गडबड होते ती पेटीतूनच एखादं बिल परस्पर भागवल्यानं: मोजलेला आकडा आणि भरलेला आकडा जुळत नाही, आणि चोरी नसतानाही संशय येतो. महिन्याचा जमाखर्च सूचना फलकावर लावा. वर्षाची तपासणी बाहेरच्या हिशेबतपासनीसाकडून.

निवृत्त पाळक
परंपरेवरून आलेल्या नाराजीला मात्र फक्त वेळ लागतो. इंग्लिश पाळक चार्ल्स सिमियन १७८२ मध्ये केंब्रिजच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये आले, तेव्हा लोकांना दुसराच पाळक हवा होता. बाकांना कुलपं लागली. त्यांनी ऐकणाऱ्यांसाठी मधल्या वाटेत आसनं ठेवली, तर तीही बाहेर फेकली गेली. ते १८३६ मध्ये मृत्यूपर्यंत तिथेच राहिले.

एक कळकळीची विनंती: व्यासपीठावरून टीकाकारांना उत्तर देऊ नका. समोरच्याला तिथे बोलता येत नाही, आणि ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं तेही ‘हे कोणासाठी होतं?’ म्हणून शोधू लागतात. घरी जाऊन भेटा, आधी एकट्यानं, मग एक-दोघांना घेऊन (मत्तय १८:१५-१६).

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. निनावी पत्रांचं काय?

वडीलमंडळ सदस्य
सभेत वाचू नका, फाडूही नका. तारीख टाकून पाकिटात ठेवा, वडीलमंडळातल्या दोघांना दाखवा. वडिलाविरुद्धचा (मंडळीच्या पुढाऱ्याविरुद्धचा) आरोप दोन-तीन साक्षीदारांशिवाय स्वीकारू नये, असं १ तीमथ्य ५:१९ सांगतं. तरी पत्रात पडताळता येईल असं काही असेल, जसं एखादी रक्कम किंवा दिवस, तर गुपचूप तपासा. अक्षर कोणाचं, हे मात्र मुळीच शोधू नका. संशय बसला की त्या घरी मोकळ्या मनानं प्रार्थनेला जाता येत नाही.

आणि लहान मुलाच्या सुरक्षिततेबद्दल काही लिहिलं असेल, तर साक्षीदारांची वाट पाहायची नाही. त्या व्यक्तीला लगेच मुलांच्या कामातून बाजूला करा आणि पोलिसांना कळवा. मंडळीनं स्वतः चौकशी करत बसू नये.