भाडं नाकारायचं नाही म्हणे! आज बिल्डरची वकिली, उद्या गावाची?

कातळसडा:
काल करिअरच्या धाग्यावर टेम्सकाठची ह्यांनी लिहिलं की त्या इंग्लंडात प्लॅनिंग आणि पर्यावरण कायद्याच्या बॅरिस्टर आहेत, ह्या महिन्यात घरं बांधणाऱ्या कंपनीकडून उभ्या राहिल्या, पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका गावाकडून कंपनीच्या विरोधात उभ्या राहणार, आणि ह्यात वावगं काही नाही, हाच ह्या पेशाचा मोठेपणा. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं म्हणून वेगळा धागा काढतोय. ताई, चोराचीही वकिली कोणीतरी करायला हवी हे मला पटतं, पण चोर सुटला तरी पुन्हा पकडता येतो, ओढा एकदा बुजवला की बुजवला. आमच्याकडे कोकणात कारखान्यासाठी जनसुनावणी झाली तेव्हा कंपनीकडून वकील, सल्लागार, पडद्यावर नकाशे, आणि आमच्याकडून रिटायर्ड गुरुजी, हातात वही. गुरुजी बोलायला उठले आणि चार वाक्यांत माइक बंद झाला. तो समोरचा वकील उद्या आमच्याकडून उभा राहीन म्हणाला तर गावात त्याला पाणी कोण विचारेल?

टेम्सकाठची:
दादा, गुरुजींचा माइक बंद केला तो वकिलाने की सुनावणी चालवणाऱ्याने? राग चुकीच्या माणसावर निघतोय.
आमच्याकडे ह्याला कॅब रँक, म्हणजे टॅक्सीची रांग, म्हणतात. स्टँडवर पहिल्या नंबरच्या रिक्षाने भाडं नाकारायचं नाही, तसंच. माझं क्षेत्र असेल, तारीख मोकळी असेल, फी रास्त असेल तर अशील आवडत नाही म्हणून नाही म्हणता येत नाही. हा नियम काढा, मग बघा काय होतं, मोठ्या कंपन्या सगळ्या चांगल्या वकिलांना कायमचं बांधून घेतील आणि गावाला कोणी उरणार नाही. सरे काउंटीतल्या हॉर्स हिलच्या तेलविहिरींची केस आठवा. काउंटीने परवानगी देताना विहिरींवरचा धूर मोजला पण ते तेल पुढे जळणार त्याचा धूर मोजलाच नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्या सॅरा फिंच खालच्या दोन्ही कोर्टांत हरल्या आणि 20 जून 2024 ला सुप्रीम कोर्टात 3 विरुद्ध 2 ने जिंकल्या. अशा बाईला 'माझे मोठे अशील नाराज होतील' म्हणून कोणी परत पाठवू नये, ह्यासाठीच तो नियम.
आणि परवाचं सांगते. घरांच्या परवानगीची चौकशी गावाच्या हॉलमध्ये, कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल दुमडून ठेवलेलं. एक आजोबा गल्लीत पाणी तुंबल्याचे 9 वर्षांचे फोटो घेऊन आले, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख. मी कंपनीची, मी त्यांना उलट प्रश्न विचारले, विचारावेच लागतात. पण रात्री आमच्याच इंजिनिअरला धरून बसवलं, की हे पाणी येतं कुठून ते मला समजेपर्यंत उठायचं नाही. दुसऱ्या दिवशी नाल्याची अट आम्ही स्वतःहून मान्य केली. हे कंपनीच्या वकिलानेच करायचं काम आहे.

कातळसडा:
आजोबांनी फोटो आणले नसते तर?
आणि माझी भाची तिकडे सॉलिसिटरकडे (अशिलाचं काम आधी घेऊन मग बॅरिस्टर नेमणारा वकील) कामाला आहे, तिला फोन केला. ती म्हणाली सॉलिसिटरमार्फत आलेल्या कामालाच तो नियम लागू, गाव थेट बॅरिस्टरच्या दारात गेलं तर बॅरिस्टर नाही म्हणू शकतो. म्हणजे ज्याच्याकडे सॉलिसिटरचे पैसे नाहीत त्याच्यासाठी रांगच नाही! हे काल का नाही लिहिलंत? आणि 2023 च्या मार्चमध्ये तुमच्याकडच्याच शंभरावर वकिलांनी जाहीर केलं ना, की कोळसा-तेलाच्या नव्या प्रकल्पांचं काम घेणार नाही आणि शांततेने आंदोलन करणाऱ्यांवर खटले चालवणार नाही? त्यांना कळतं ते तुम्हाला का कळू नये?

टेम्सकाठची:
थेट येणाऱ्यांबद्दल भाची बरोबर आहे, ते लिहायला हवं होतं, मान्य. पण त्या जाहीरनाम्याचं मला पटलं नाही आणि पटणार नाही. आज तेलाला नाही, उद्या कोणी म्हणेल मी निर्वासितांना नाही.

भाडेकरू:
दोघंही ओढ्याचंच बोलताय. मी 6 वर्षं इंग्लंडातल्या रेडिंगमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत, पोरगी हॉलमध्ये झोपते. सरकार म्हणतंय एका संसदेच्या मुदतीत 15 लाख घरं बांधू, आणि जिथे 40 घरांचा अर्ज पडतो तिथे स्वतःची चार बेडरूमची घरं असलेली मंडळी 'गावाचं रूप बिघडेल' म्हणून उभी राहतात. कातळसडा, तुमच्या मनातलं गरीब गाव इथे प्रत्येक वेळी नसतं हो. माझी बाजू त्या हॉलमध्ये मांडतं कोण? कंपनीचा वकीलच मांडतो, त्याचा हेतू काही का असेना.

जुना_सातबारा:
पुण्यात राष्ट्रीय हरित लवादापुढे बरीच वर्षं उभा राहतोय म्हणून बोलतो. हा नियम इंग्रजांचाच आहे असं नाही, आपल्या बार कौन्सिलच्या नियमांतही लिहिलंय की वकिलाने आलेलं काम घ्यायला हवं, खास कारण असेल तरच सोडावं. कोण पाळतं? खरा प्रश्न तिसराच आहे. प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील 30 दिवसांत करायचं, सबळ कारण असेल तर आणखी 60, त्यानंतर दार बंद. लोक माझ्याकडे येतात तेव्हा 120 दिवस झालेले असतात कारण प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल तो अहवालच इंग्रजीत! पाचशे-सातशे पानं इंग्रजीत आणि मराठीत फक्त सारांश. तिकडे निदान हायकोर्टात पर्यावरणाची केस हरलात तर एकट्या माणसावर विरुद्ध पक्षाचा खर्च सहसा 5,000 पौंडांच्या वर बसत नाही, मर्यादा घालून दिलीय. आपल्याकडे आधी वाचायचीच मारामार.

कातळसडा:
सारांशाचं नाव काढू नका, जखमेवर मीठ. त्यात आमच्या सड्याला, म्हणजे गावाच्या कातळाच्या पठाराला, काय लिहिलंय? 'पडीक, ओसाड जमीन'. अहो ज्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, त्या सड्याला ओसाड? श्रावणात पाय ठेवायला जागा नसते इतकी फुलं, आमची अर्धी गुरं तिथे चरतात, खालच्या विहिरींना पाणी तिथूनच मुरतं. एका शब्दात सगळं पुसलं.

भाडेकरू:
पण सडा म्हणजे दगडच ना शेवटी? कारखाना भातशेतीत टाकण्यापेक्षा बरा.

कातळसडा:
दगडच?? तुम्ही आयुष्यात एकदा तरी ऑगस्टमध्ये सड्यावर उभे राहिलात का? तुमच्या मुलीच्या खोलीसाठी मला खरंच वाईट वाटतं पण माझ्या गावाला दगड म्हणू नका.

भाडेकरू:
शब्द मागे घेतो. मी मराठवाड्याचा, कोकण बसच्या खिडकीतून पाहिलंय, तेही मे महिन्यात.

टेम्सकाठची:
ह्या शब्दावर मी दादांच्या बाजूने, शंभर टक्के. आमच्याकडेही अर्धी लढाई नावाची असते. डिसेंबर 2024 मध्ये 'ग्रे बेल्ट' हा शब्द धोरणात आला आणि काल ज्या शेताला ग्रीन बेल्ट (शहराभोवती बांधकामापासून राखलेली जमीन) म्हणून हात लागत नव्हता त्याच्यावर आज अर्ज पडतायत. प्युपिलेजच्या, म्हणजे बॅरिस्टरच्या उमेदवारीच्या, पहिल्या 6 महिन्यांत स्वतःची केस घेता येत नाही, सिनियरच्या मागे बसून वह्या भरायच्या. तेव्हा सिनियर एकच सांगायच्या, निष्कर्ष नंतर वाच, पाहणी कुठल्या तारखेला केली ते आधी वाच. भाडेकरू आत्ता म्हणाले ना, मे महिन्यात. दादा, तुमच्या अहवालात सड्याची पाहणी कधीची आहे?

जुना_सातबारा:
न बघता सांगतो. सहसा पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती घ्या असंच कार्यकक्षेत, म्हणजे अहवालात काय तपासायचं ते सरकार ठरवून देतं त्या पत्रात, लिहून येतं. त्यामुळे ते बेकायदेशीर म्हणता येत नाही, पण 'फुलं, गवत, झरे पाहिलेच नाहीत' हे लेखी हरकतीत घालता येतं आणि घालायलाच हवं. गुरुजींनी वहीत सड्यावरच्या वनस्पती महिन्यांनुसार लिहिल्या असतील तर ती वही जपून ठेवा.

कातळसडा:
अहवाल काढून बसलोय. ताई, तुमच्या रांगेचं मला अजून पटलेलं नाही, पण प्रश्न बरोबर विचारलात. पान 212, 'मार्च ते मे'. गुरुजींच्या घरी निघालोय.