काळा पतंग बारावीच्या पुस्तकातून काढावा का?

खडूफळा
माझं मत: काढावा. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्रात नैसर्गिक निवडीसाठी इंग्लंडमधल्या पेपर्ड मॉथ या निशाचर पतंगाचं उदाहरण आहे. गिरण्या येण्याआधी पांढुरके पतंग जास्त, धुराने खोडं काळवंडल्यावर काळे जास्त, कारण जो उठून दिसतो तो पक्ष्यांच्या तोंडी आधी जातो. शेजारी खोडावरच्या पतंगांचं चित्र.

ज्या प्रयोगावर हे उभं आहे तो बघा. ब्रिटिश कीटक-अभ्यासक केटलवेलने १९५३ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या काजळलेल्या रानात खुणा केलेले पतंग सोडले, आणि टिकलेले किती ते सापळ्यात पुन्हा पकडून मोजलं. सोडले तेही दिवसा. निशाचर कीटक दिवसा सुस्त असतो, टेकेल तिथे बसून राहतो, जागा निवडत नाही. सोडले ते खोडांवर, जिथे हा पतंग बसतच नाही. झाडागणिक गर्दी इतकी की पक्ष्यांना पंगतच वाढली. काही पतंग पाळलेले, काही पकडलेले. मुलं नेटवर ‘फोटोतले पतंग मेलेले, टाचलेले’ एवढं वाचतात आणि अख्ख्या धड्यावरचा विश्वास उडतो.

त्यापेक्षा अमेरिकी जीवशास्त्रज्ञ लेन्स्कीने उत्क्रांती बघायला पिढ्यानपिढ्या वाढवलेले जिवाणू घ्या. १९८८ पासून १२ फ्लास्क, रोज शंभरातला एक भाग ताज्या द्रावणात, दर ५०० पिढ्यांनी नमुना उणे ८० अंशांवर गोठवलेला. शंका आली तर जुनी पिढी वितळवून नवीशी स्पर्धा लावा. पतंगात ही सोय नाही.

दगडफूल
दोष खरे आहेत, पण आकडे तुम्ही गाळलेत. बर्मिंगहॅमला सोडलेल्या काळ्यांपैकी २७.५ टक्के पुन्हा सापळ्यात आले, पांढऱ्यांपैकी १३.१. एवढ्यावर ‘पांढरे लांब उडून गेले असतील’ म्हणता येतं. म्हणून तर १९५५ मध्ये दक्षिण इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या बिनधुराच्या रानात तोच प्रयोग झाला. तिथे काळे ६.३ टक्के, पांढरे १२.५. सोडण्याची पद्धत सदोष होती, पण दोन्हीकडे तीच होती. गर्दीमुळे पक्षी जास्त खातील हे मान्य, पण रान बदललं की त्यांची निवड उलटी का होईल? डॉर्सेटला प्राणीवर्तनाचा अभ्यासक टिनबर्गेनने पक्षी पतंग टिपताना चित्रितही केले आहेत.

फोटो मांडलेले असतात, बरोबर. पक्षी काय खातात हे फोटोवरून कुणी ठरवलेलं नाही.

शंकासूर
(दगडफूल, नावावरून बोलतोय असं समजू नका.) मला खटकतो तो लायकेनचा भाग. लायकेन म्हणजे आपल्या गोड्या मसाल्यातलं दगडफूल ज्या गटातलं, तेच. पुस्तकी साखळी अशी: धूर आला, खोडावरची लायकेन मेली, काळा पतंग लपला, धूर गेला, लायकेन परतली, पांढरा लपला. पण डेट्रॉइटजवळच्या एका अभयारण्यात १९६० च्या सुमाराला काळे ९० टक्क्यांच्या वर होते आणि १९९४-९५ ला २० टक्क्यांच्या आसपास आले, लायकेनमध्ये डोळ्यांना दिसेल असा फरक नसताना. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या शेतीभागातही एके काळी काळ्यांचं प्रमाण ८० टक्क्यांवर होतं, आणि तिथली झाडं काही मँचेस्टरइतकी काळी नव्हती. कारण माहीत नसताना ‘सिद्ध उदाहरण’ कसं म्हणायचं?

बाभूळबन
शंकासूर, तुमचा नेम लायकेनवर आहे, निवडीवर नाही. काजळीने साल गडद होते आणि काजळी थांबली की उजळते, लायकेन असो वा नसो. शेतीभागातली टक्केवारी नुसत्या तिथल्या पक्ष्यांनी ठरत नाही. नर रात्रीत दूरवर उडतात, अळ्या रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याने वाहत जातात, त्यामुळे कारखान्यांच्या पट्ट्यातली जनुकं खेड्यात मिसळत राहतात.

खडूफळांचे आक्षेप मात्र ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मायकेल मेजरसने एकेक करून तपासले. २००१ ते २००७, केंब्रिजजवळ, ४,८६४ पतंग. काळे-पांढरे स्थानिक प्रमाणातच आणि विरळ सोडले. संध्याकाळी फांदीभोवती जाळीची बाही बांधायची, पतंग आत. रात्री त्याला हवी ती जागा तो घेतो. सूर्योदयाआधी बाही काढायची, चार तासांनी मोजणी. दिवसा हा पतंग आपणहून हलत नाही, म्हणून नाहीसा झालेला तो खाल्लेला. हे गृहीतक नुसतं ठेवून दिलं नाही. दुर्बिणीतून पाहून रॉबिन, ब्लॅकबर्ड वगैरे नऊ जातींचे पक्षी पतंग खाताना नोंदले. वटवाघळं रंग बघून निवडतात का हेही पाहिलं. नाही निवडत.

आणि ‘खोडावर बसतच नाही’ हे चूक आहे. नैसर्गिक अवस्थेत सापडलेल्या १३५ पतंगांपैकी निम्म्याहून थोडे जास्त फांद्यांवर होते, पण ३५ टक्क्यांवर खोडावरच होते.

निकाल असा: काळ्याचं एका दिवसात टिकणं पांढऱ्यापेक्षा साधारण ९-१० टक्क्यांनी कमी. कुणी म्हणेल, एवढंसंच? करून बघा. पतंग चार दिवस जगतो असं धरलं तर ०.९ चा चौथा घात ०.६६, म्हणजे पिढीमागे एकतृतीयांश तोटा. वर्षाला एक पिढी. शंभरात १२ काळे असतील तर सहा वर्षांत जेमतेम एक उरतो. काळा रंग प्रभावी आहे, जनुकाच्या दोन प्रतींपैकी एका प्रतीनेही पतंग काळा होतो, त्यामुळे त्या जनुकाला लपायला जागा नाही. उलट काळे वाढतानाचा हिशोब जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेनने १९२४ मध्ये केला होता: १८४८ ला मँचेस्टरमध्ये काळ्याची पहिली नोंद, शतकाअखेर जवळजवळ सगळे काळे, म्हणजे काळ्याची प्रजा निदान दीडपट टिकायला हवी. पक्ष्यांवर प्रयोग व्हायच्या तीस वर्षं आधीचं हे गणित.

खडूफळा
मेजरसचं काम मान्य, बसतच नाही हे शब्द मागे. पण पुस्तकात यातलं आहे काय? एक चित्र, दोन परिच्छेद. आणि यात ‘नवीन’ काही घडतच नाही, दोन जुन्या रंगांचं प्रमाण वरखाली होतं.

दगडफूल
घडतं. २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या गटाने दाखवलं की काळ्या पतंगात कॉर्टेक्स नावाच्या जनुकात डीएनएच्या सुमारे २२ हजार अक्षरांचा एक ‘उडता’, म्हणजे जागा बदलू शकणारा, तुकडा घुसला आहे, अंदाजे १८१९ च्या आसपास. पांढऱ्यात तो नाही. याहून नवीन काय हवं?

जनुकवेल्हाळ
बारीक दुरुस्ती. तुकडा तिथे आहे हे पक्कं, पण रंगाचं काम कॉर्टेक्सचं प्रथिन करतं असं म्हणू नका. फुलपाखरांवरच्या २०२४ च्या प्रयोगांत त्याच पट्ट्यातला, प्रथिन न बनवणारा आरएनए पुढे आला आहे.

शंकासूर
लेन्स्कीचंही ऐका मग. द्रावणातलं सायट्रेट, जे हे जिवाणू हवेत एरवी खाऊ शकत नाहीत, ते खाणारा जिवाणू १२ पैकी एकाच फ्लास्कमध्ये आला, तोही ३१ हजार पिढ्यांनी. २०१६ ला दुसऱ्या प्रयोगशाळेने थेट निवड लावून शंभरच्या आत पिढ्यांत आणला आणि ‘यात दुर्मीळ ते काय’ म्हणून वाद घातला. शंका घेणारा पोरगा तिथेही पोचेल. वर म्हणेल, हे बाटलीत झालं, रानात दाखवा.

बाभूळबन
म्हणूनच चित्र काढून त्या जागी एक तक्ता टाका: वर बर्मिंगहॅम आणि डॉर्सेट, चार टक्केवाऱ्या, खाली जाळीची बाही. पान तेवढंच लागतं.

खडूफळा
तक्त्याला हरकत नाही. त्याखाली केटलवेलच्या चुका छापणार असाल तर.