मदत हवी आहे: बायोस अपडेटनंतर उबुंटू बूट होत नाही

नमस्कार मंडळी. लॅपटॉपच्या एकाच एसएसडीवर विंडोज ११ आणि उबुंटू २४.०४ (लिनक्स) आहेत, आजवर दोन्ही सुरळीत चालायचे. परवा बायोस (मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यापासून ग्रबचा, म्हणजे कोणती सिस्टिम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनूच येत नाही, मशीन थेट विंडोजमध्ये जातं.

उबुंटूच्या पेनड्राइव्हवरून लाइव्ह बूट करून पाहिलं. लिनक्सचं पार्टिशन शाबूत आहे, फायली उघडतात. ईएफआय पार्टिशन (बूटच्या फायली असतात तो डिस्कचा छोटा भाग) माउंट केलं, तर त्यात उबुंटूचा फोल्डर आहे आणि आत शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा, सही केलेला प्रोग्रॅम) व ग्रबच्या फायली जागच्या जागी आहेत. पण ईएफआयबूटएमजीआर (मदरबोर्डमधल्या बूट-नोंदी दाखवणारी व बदलणारी कमांड) चालवलं की यादीत फक्त विंडोज बूट मॅनेजर दिसतो. म्हणजे डिस्क ठीक असावी, मदरबोर्डच्या मेमरीतली उबुंटूची नोंद तेवढी पुसली गेली असावी.

आता ईएफआयबूटएमजीआरनेच नवी नोंद केली तर पुरे, की क्रूट करून, म्हणजे लाइव्ह बूटमधून डिस्कवरच्या उबुंटूत शिरून, ग्रब पुन्हा टाकावा लागेल? सिक्युअर बूट (फक्त सही केलेले प्रोग्रॅमच बूट होऊ देणारी सोय) चालू आहे, म्हणजे नोंदीत ग्रबऐवजी शिमचीच फाइल द्यायची ना? खरी धास्ती बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-एन्क्रिप्शनची, आहे. ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवलेली आहे, तरी आधी तो सस्पेंड करून घ्यावा का?

बहिणीच्या प्रबंधाचं सगळं काम उबुंटूत आहे. त्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर उतरते आहे, तोवर मी कशालाच हात लावणार नाही. कृपया फॉरमॅट मारायचा सल्ला नको. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी नेमकी कमांड सांगितली तर फार उपकार होतील.