'नेपाळचा राजाच बरा होता' म्हणणाऱ्यांसाठी

टिळकवाडीकर: सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूच्या तरुणांनी पंतप्रधान ओलींचं सरकार घालवलं. तेव्हापासून आपल्या बेळगावातही 'पक्षांनी वाट लावली, राजाच बरा होता' हे ऐकू येतंय. मला हे साफ नामंजूर आहे.

१९९० च्या जनआंदोलनापुढे राजा वीरेंद्र नमले, राजाच्या हाती सत्ता ठेवणारी बिनपक्षीय 'पंचायत' व्यवस्था गेली, पक्षांवरची बंदी उठली. १९९१ ला नेपाळी काँग्रेसला २०५ पैकी ११० जागा मिळाल्या. स्पष्ट बहुमत! तरी १९९४ ला सरकार पडलं, कारण गिरिजाप्रसाद कोइरालांचे स्वतःचे ३६ खासदार मतदानाला फिरकलेच नाहीत. हे ३६ 'छत्तिसे' आणि कोइरालांकडचे उरलेले ७४ 'चौहत्तरे', अशी गटांना नावंच पडली. १९९९ ला पुन्हा काँग्रेसलाच बहुमत, आणि तीन वर्षांत भट्टराई, कोइराला, देउबा असे तीन पंतप्रधान. मग 'बहुमत नव्हतं म्हणून सरकारं पडली' असं म्हणत खापर त्रिशंकू संसदेवर कसं फोडता? पक्षाच्या आत नेत्याला जाब विचारायची सोय नव्हती, म्हणून रुसलेला माणूस सरकारच पाडायचा.

खानापूरचा गडी: मधली पाच वर्षं गाळलीत की ओ! १९९४ नंतर कुणालाच बहुमत नव्हतं, तेव्हा खासदारांचा उघड बाजार भरला. करमाफीत पजेरो गाड्या आणल्या त्यांनी. लोकेंद्रबहादुर चंद, सूर्यबहादुर थापा हे पंचायतीच्या काळातले पंतप्रधान. त्यांनाच एकदा कम्युनिस्टांनी, एकदा काँग्रेसनं खुर्चीवर बसवलं. मग आंदोलनात माणसं मेली ती कशासाठी? तिकडं रोल्पा-रुकुमच्या डोंगरात १९९६ ला माओवाद्यांनी बंदूक उचलली. दहा वर्षांत सतरा हजारांच्या आसपास जीव गेले. अशा वेळी कुणीतरी खमका नको होता?

टिळकवाडीकर: खमका आला होता. १ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्रांनी सगळी सत्ता हातात घेतली, फोन बंद केले, नेते नजरकैदेत टाकले. भ्रष्टाचार निपटायला शाही आयोग नेमला. तपास तोच करणार, खटला तोच भरणार, शिक्षाही तोच देणार! मेलम्ची पाणी योजनेच्या प्रकरणात देउबांना आत टाकलं. वर्षभरात सर्वोच्च न्यायालयानं तो आयोगच घटनाबाह्य ठरवला. त्यामुळे आरोप खरे की खोटे, याचा नीट निवाडा राहूनच गेला. युद्धही थांबलं नाही. ते थांबलं २००६ मध्ये, राजाला मागे हटून संसद परत बोलवावी लागल्यावर.

शहापूरची लेक: खमक्या माणसाची एवढी हौस असेल तर आपलीच महापालिका आठवा. मुदत मार्च २०१९ ला संपली, निवडणूक झाली सप्टेंबर २०२१ ला. मधे प्रशासक. नगरसेवक कामाचा नसला तरी त्याच्या दारात जाऊन भांडता येतं. प्रशासकाला कुठं गाठायचं?

खानापूरचा गडी: ताई, भांडून काम होतंय का तेवढं सांगा. ज्ञानेंद्रांचं मला पटलं, राजा नकोच. पण २००८ ला राजेशाही गेली, तरी पुढं ओली, देउबा आणि माओवाद्यांचे नेते 'प्रचंड', आलटून पालटून तेच. देउबा पाच वेळा पंतप्रधान! जाब विचारायला शेवटी पोरांनी गोळ्या खाल्ल्या, संसदेची इमारत जळाली. पक्षातली लोकशाही हे पुढारी आपणहून आणणार नाहीत. दोनपेक्षा जास्त वेळा पंतप्रधान होता येणार नाही, असं घटनेतच लिहा.

टिळकवाडीकर: लिहा, माझी हरकत नाही. पण पक्षाचा पैसा कुठून आला याचा हिशेब त्याच कलमाखाली मागा. नाहीतर तिसऱ्या वेळी भाऊ नाहीतर बायको उभी राहील.