इन्सुलिन फुकट, पण साखर तपासायच्या पट्ट्या विकत: हे बरोबर आहे का?

मांजराकाठ
माझी भाची ११ वर्षांची आहे. तिला टाइप १ चा मधुमेह, म्हणजे अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. ताई आणि भाऊजी ऊसतोडीला जातात, दिवाळीनंतर पाच-सहा महिने मुक्काम फडावर, म्हणजे उसाच्या रानात, कोपीत (झोपडीत). इन्सुलिनच्या बाटल्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही. पट्ट्या मात्र विकत. एक पट्टी १५-२० रुपयांना. दिवसाला ४ धरल्या तर महिन्याचे दोन हजार. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेला पैसा, फेडणाऱ्या कोयत्याला (ऊसतोडीच्या जोडप्याला) ते झेपत नाही, म्हणून ताई अंदाजानं सुई देते.

जानेवारीत पोरगी मलूल पडली, उलट्या सुरू झाल्या. साखर उतरली असेल म्हणून भाऊजींनी उसाचा रस पाजला. साखर उतरली नव्हती, चढली होती. चार दिवस अतिदक्षता विभागात काढले. तो सगळा खर्च सरकारी योजनेतून झाला. पोरगी मरणाच्या दारात गेल्यावर पैसा मिळतो आणि ती तिथवर जाऊ नये म्हणून लागणारी पट्टी मिळत नाही, हे मला सहन होत नाही. १८ वर्षांखालच्या टाइप १ च्या प्रत्येक मुलाला रोज ४ पट्ट्या सरकारनं दिल्याच पाहिजेत.

उपकेंद्रावरून
दादा, पोरगी वाचली हे फार मोठं. तरी मी विरोधात लिहितोय. माझ्या आरोग्य उपकेंद्राकडे पाच गावं आहेत. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर तपासायची असा कार्यक्रम आहे, पण पट्ट्या संपल्या की नव्या येईपर्यंत वाट बघायची. २०२३ साली आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) अभ्यास आला, त्यात देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटींच्या वर आहे. निम्म्यांना तर आपल्याला शुगर आहे याचा पत्ताच नसावा असं मला गावं फिरताना वाटतं. तुमच्या एका मुलीच्या महिन्याच्या १२० पट्ट्यांत माझ्या एका वस्तीतली तिशीपुढची सगळी माणसं तपासून होतात. मागच्या वर्षी एका मावशींचा अंगठा काळा पडला तेव्हा कुठं निदान झालं. पाय गेला. त्यांना पाच वर्षं आधी एक पट्टी लागली असती तर आज त्या शेतात असत्या.

मांजराकाठ
मावशींचं वाचून वाईट वाटलं. पण गोळ्यांवरचा माणूस चार दिवस गोळी चुकली तरी चालता-फिरता राहतो. भाचीचं इन्सुलिन चार दिवस थांबलं तर ती राहणार नाही. शिवाय आकडा कळल्याशिवाय डोस ठरवायचा कसा? फडावर जेवणाची वेळ ठरलेली नसते. गाडी रात्री दोनला आली तर मोळ्या दोनला भरायच्या, भाकरी त्यानंतर. सुई आधी दिली आणि जेवण लांबलं तर पोरगी झोपेतच गार पडेल. ही भीती ताई रोज उशाला घेऊन झोपते.

तालुक्याचा केमिस्ट
तुम्ही दोघंही पट्टीवरच अडकलात. साधी बाटली मिलिलिटरला ४० युनिटची, तिची सिरिंज लाल टोपणाची. इन्सुलिन टोचायच्या पेनातलं औषध १०० चं. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजनं औषध ओढणारे लोक मी पाहिलेत. रेघ तीच, डोस अडीचपट! आणि पट्टीवर ३०० दिसलं तर किती युनिट वाढवायचं, हे ताईंना कुणी शिकवलंय का? आधी शिकवणारं माणूस द्या. नाहीतर पट्ट्या डबीतच मुदत संपून जातील.

पांढरीतला
मला तर मुळात पोरीला फडावर नेणंच पटत नाही. हंगामी वसतिगृहं कशासाठी आहेत? कोपीत ना वीज ना फ्रिज, तिथं इन्सुलिन टिकतं तरी का?

मांजराकाठ
वसतिगृहात विचारलं होतं. सुईची जबाबदारी आमच्यावर नको म्हणाले. गावात आजी आहे, तिला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. सांगा, कुणाकडे ठेवू?

इन्सुलिन टिकतं. ताई एका मडक्यात दुसरं मडकं ठेवते, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. केनियातल्या दादाबच्या निर्वासित छावणीत तापमान रात्री २५ आणि दिवसा ३७ अंशांपर्यंत जातं. तसल्या चढउतारात इन्सुलिन चार आठवडे ठेवून ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठानं तपासलं, ताकद कमी झाली नव्हती. २०२१ साली ते प्रसिद्ध झालंय.

केमिस्टदादा, शिकवण्याचं तुमचं म्हणणं खरं आहे. दवाखान्यात ताईला दहा मिनिटांत सगळं सांगितलं, तेही पोरगी सलाइनवर असताना. तिच्या डोक्यात काय शिरणार? पण शिकवणारा येईपर्यंत पट्ट्या अडवून ठेवा, हे मी मानणार नाही.

उपकेंद्रावरून
चार पट्ट्यांचा हट्ट सोडाल का? सकाळी उपाशीपोटी एक, झोपताना एक. महिन्याला ६०. तेवढ्या द्याव्यात असं मी मासिक बैठकीत मांडतो. पण तपासणीच्या साठ्यातून नकोत, मुलांसाठी वेगळी मागणी नोंदवा म्हणून. साठ्यातूनच काढा म्हणाले तर मी विरोधच करणार, ते आत्ताच सांगतो.

मांजराकाठ
झोपतानाची एक मिळाली तरी ताईला झोप लागेल. पण आजारपणात, उलट्या-तापात दोन पुरत नाहीत, जानेवारीत तेच झालं. त्या दिवसांसाठी वेगळी एक डबी मागा. आणि ती गावातल्या दवाखान्यात ठेवून उपयोग नाही, मुक्काम फडावर असतो.