नदीच्या पाण्यावरची कोथिंबीर: अँटिबायोटिक भाजीत उतरतं का?

थेऊरकर: आमचं रान मुळा-मुठेच्या काठाला, मोटर नदीवरच. मेथी, पालक, कोथिंबीर घेतो. उन्हाळ्यात पाणी काळं पडतं, फूटव्हॉल्व्हला जलपर्णी गुंडाळते, वाफ्यात पाणी सोडलं की फेस. पुण्यात एका सोसायटीला थेट जुड्या देतो. तिथल्या ताई म्हणाल्या, "दादा, नदीत अँटिबायोटिक असतात म्हणे, ती आमच्या पोटात येतात का?" काय सांगू? बोअर आहे, पण क्षारवट, आणि मार्चनंतर तासभरसुद्धा चालत नाही. नदी सुटणार नाही, हे धरूनच सांगा.

लॅबवाली मावशी: औषधाचा अंश मुळातून पानात चढतो, हे खरं. पण शहरी सांडपाण्यात तो फार थोडा असतो. हैदराबादजवळच्या पाटणचेरूची गोष्ट निराळी. तिथं औषध कारखान्यांचं पाणी शुद्ध करून सोडणाऱ्या प्रकल्पाबाहेर लिटरमागे 31 मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक सापडलं होतं (2007 चा अभ्यास). आपल्याकडे मला धास्ती जंतूंची. 2017 साली मुठेच्या गाळावरचा अभ्यास आला. जंतूंना औषधाला दाद न देण्याची ताकद देणारी जनुकं शहरातल्या गाळात शहराच्या वरच्या अंगापेक्षा 30 पटीपर्यंत जास्त निघाली. अगदी शेवटी वापरायच्या कार्बापेनेम गटातल्या अँटिबायोटिकवर मात करणारीसुद्धा. मेथी-पालक शिजतात, जंतू मरतात. कोथिंबीर आपण वरून भुरभुरवतो, घोळ तिथं आहे.

तुषार लावू नका, पाणी पानावर नको. कोथिंबिरीला शेवटचं पाणी जमल्यास बोअरचं द्या. नदीचं पाणी थांबलं की उन्हात पानावरचे जंतू दिवसाला तिपटीपासून शंभरपटीपर्यंत घटतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शिकेत हा हिशेब आहे.

आणि जुड्या धुता कुठं?

थेऊरकर: पाटातच. सगळेच तिथं धुतात. चिखलाची जुडी मार्केट यार्डात व्यापारी हातात घेत नाही.

लॅबवाली मावशी: मग सगळ्या मेहनतीवर तिथंच पाणी फिरतं, तेही नदीचं! तेवढा बोअर पिकाला पुरणार नाही, पण धुवायची टाकी भरेल. क्षारवट पाण्यानं धुतलेल्या जुडीचं काही बिघडत नाही. मात्र बोअर नदीकाठचा आहे, ई-कोलायची (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) तपासणी आधी करून घ्या.

डाळिंबवाला: नदीला नावं ठेवताना आपली फवारणीही बघा. डाळिंबावर तेल्या (जंतूंमुळे होणारा रोग) आला की स्ट्रेप्टोसायक्लिन मारत आलो, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन ही अँटिबायोटिक. माणसाचीच औषधं ती. केंद्राचा बंदीचा मसुदा डिसेंबर 2021 चा, तरी दुकानदार अजून विचारतो, "पुडी देऊ का?"

थेऊरकर: कोथिंबिरीवर तसलं काही मारत नाही. ताईंना काय सांगू?

लॅबवाली मावशी: जुडी सोडून, मुळं कापून, नळाच्या वाहत्या पाण्यात धुवा म्हणावं. साधारण 10 तले 9 जंतू जातात, सगळे नाही. घरात केमो चालू असेल कुणाची, तर कोथिंबीर उकळत्या आमटीतच टाका.

थेऊरकर: बरं. हजार लिटरची टाकी पडून आहे. सोसायटीचा माल तीत धुतो, बोअरची तपासणी आली की लगेच. यार्डाचा तूर्त पाटातच जाणार, तेवढं पाणीच नाही.